कोणत्या पानावर? राजवाडे, आपण आणि घसरलेला वाद

चौदा एप्रिलच्या आसपास आमच्या कळसाडीत आमच्याकडून दोन चुका झाल्या. एक वेळेवर सावरली, दुसरी भर सभेत झाली. दोन्ही चुका आमच्याच आहेत, म्हणून इथे मांडतो आहोत. दुसऱ्यांच्या चुकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

पहिली चूक फलकाची. जयंतीच्या कमिटीतल्या पोरांनी फलक तयार केला होता. वर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाने अस्पृश्यांबद्दलचं एक अत्यंत हिणकस वाक्य, खाली बाबासाहेबांचा फोटो आणि त्यांनी दिलेल्या उत्तराची ललकारी. वाक्य मोबाइलवर आलं होतं. आम्हीही वाचलं, आमचंही रक्त तापलं आणि आम्हीही म्हणालो, "छापा." तेवढ्यात निवृत्त झालेले एक गुरुजी म्हणाले, "हे कोणत्या पुस्तकात आहे? कोणत्या पानावर?"

कोणालाच सांगता येईना. ज्याने पाठवलं त्याला विचारलं, त्याला दुसऱ्याने पाठवलं होतं. घरातली पुस्तकं चाळली, धुळ्याच्या मित्रांना फोन केले. वाक्य काही सापडलं नाही. आम्ही फलक थांबवला. तेव्हा एक पोरगा चिडून म्हणाला, "दादा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

दुसरी चूक जयंतीच्या सभेत झाली. पाड्यावरून आलेला एक पावरा समाजाचा तरुण उभा राहिला. हातात मोबाइल होता. त्याने शांतपणे विचारलं, "आदिवासींना राजकारणाची समज नाही, असं बाबासाहेब म्हणाले होते का? मला हे आलंय." आमची पोरं एकदम ओरडली, "फेक आहे! मनुवाद्यांचा मेसेज आहे!" टाळ्या पडल्या. तो पोरगा खाली बसला. त्या टाळ्यांमध्ये आमच्याही टाळ्या होत्या.

रात्री घरी आल्यावर राहवलं नाही. शासनाने काढलेल्या 'लेखन आणि भाषणे'चा पहिला खंड उघडला. ६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी केलेलं भाषण त्यात आहे. देशातला जातीय पेच कसा सोडवावा, याची योजना त्यात मांडली आहे. आदिवासी जमातींना त्या योजनेत जागा का नाही, याचं कारणही दिलं आहे. राजकीय संधीचा नीट वापर करण्याइतकी राजकीय जाण त्यांच्यात अजून आलेली नाही, ते सहज दुसऱ्यांच्या हातातलं साधन बनतील, म्हणून त्यांच्या प्रदेशासाठी स्वतंत्र वैधानिक आयोग नेमावा, असा त्याचा आशय आहे.

म्हणजे मेसेज खरा होता. राजवाड्यांच्या नावाचं बिनपुराव्याचं वाक्य आम्ही खरं मानून छापायला निघालो, आणि बाबासाहेबांचं खरं विधान खोटं म्हणून टाळ्या पिटल्या. ज्या चळवळीचं पहिलं ब्रीद 'शिका' आहे, तिच्या कार्यकर्त्यांची ही अवस्था! आजच्या राजकीय चर्चेच्या घसरणीबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

राजवाडे कोण होते?

फलकावरच्या ज्या माणसाला आम्ही शिव्या घालणार होतो, त्याचं एक पानही आमच्यातल्या बहुतेकांनी वाचलेलं नव्हतं. आणि तो काही आम्हाला लांबचा नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला वेगळा झाला. तोपर्यंत धुळे हेच आमच्या जिल्ह्याचं ठिकाण होतं. दाखल्यापासून कोर्टापर्यंत सगळ्या कामांना आमचे बापजादे धुळ्यालाच जात. राजवाड्यांचे कागद त्याच शहरात पडून होते.

राजवाडे सनातनी होते, याबद्दल शंका नको. चातुर्वर्ण्य ही त्यांना समाजाची योग्य घडी वाटत असे. महाराष्ट्राच्या इतिहासाकडे ते ब्राह्मणी चष्म्यातून पाहत. न्या. रानड्यांनी मराठ्यांच्या उदयाचं श्रेय वारकरी संतांना दिलं, तर राजवाडे रामदासांच्या महाराष्ट्र धर्माकडे झुकले. ते आपले वैचारिक विरोधक आहेत आणि राहतील.

पण या विरोधकाने काय काम केलं, तेही पाहा. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांनी बावीस खंड काढले. पहिला खंड १८९८चा. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. त्यासाठी हा माणूस गावोगाव पायी हिंडला, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या दुकानांतून रद्दीत चाललेली दप्तरं गोळा करत राहिला. बखरीत लिहिलंय म्हणून ते खरं, असं त्यांनी मानलं नाही. ग्रँट डफ साहेब होता म्हणून त्याचंही मानलं नाही. अस्सल कागद कुठे आहे, तारीख काय, कोणी कोणाला लिहिलं, हे आधी सांगा, हा त्यांचा आग्रह होता. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करण्यात त्यांचा पुढाकार होता. पुढे मंडळाशी बिनसलं आणि ते धुळ्याला आले. सगळं आयुष्य त्यांनी मराठीतच लिहिलं.

'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' हे त्यांचं पुस्तक तर सनातन्यांच्याच पचनी पडलं नाही. विवाह अनादि आणि अपौरुषेय नाही, तो समाजाबरोबर बदलत आला, प्राचीन काळी स्त्रीपुरुष संबंध आजच्यापेक्षा फार वेगळे होते, हे त्यांनी वेद आणि महाभारतातूनच दाखवलं. चातुर्वर्ण्य मानणाऱ्या या माणसाच्या हाताला जो पुरावा लागला, तो स्वतःच्या गोटाला झोंबणारा असला तरी त्यांनी लपवला नाही. म्हणूनच पुढे कॉम्रेड डांगे यांच्यासारख्या कम्युनिस्टाला हे पुस्तक उपयोगी पडलं.

विद्वत्तेला भुलू नका

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर काही जण आम्हालाच राजवाड्यांच्या रांगेत बसवतील. अलीकडे काही भले लोक उसासे टाकतात, "पूर्वीचे उजवे किती विद्वान, किती सभ्य होते! वाद कसा पुस्तकांनी व्हायचा!" या उसाशात आम्ही आमचा सूर मिळवणार नाही. त्या सभ्य वादात आपल्याला बसायला जागा कुठे होती?

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून काय उत्तर दिलं? व्याकरणाच्या चुका काढल्या, मराठीची टर उडवली. मूळ प्रश्न तसाच राहिला. १८९५ साली पुण्यात काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवायची म्हटल्यावर मंडप जाळण्याची भाषा झाली. तो प्रसंग बाबासाहेबांनी १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात सांगितला. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नाही. ही त्या काळची सभ्यता. ती आपसातली होती. पंगत त्यांची, वाढपी त्यांचे, आपण उंबऱ्याबाहेर.

राजवाड्यांची विद्वत्ता त्यांना न्यायाकडे घेऊन गेली नाही. मोडी कागदाचं एकेक अक्षर लावणारा हा माणूस स्वतःच्या काळात पाणवठ्यावर काय चाललंय, हे वाचू शकला नाही. ते वारले त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायलं. १९२९ साली बाबासाहेब चौकशी समितीच्या कामासाठी धुळ्याला येऊन गेले. परतताना चाळीसगावला एकही टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार होईना. शेवटी ज्याला टांगा हाकता येत नव्हता अशा आपल्याच माणसाने तो हाकला, टांगा पुलावर अडखळला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हा इतिहास राजवाड्यांच्या बावीस खंडांच्या शेजारी ठेवून वाचायचा असतो.

म्हणून राजवाड्यांकडून घ्यायचं ते त्यांचं मत नाही आणि त्यांची सभ्यताही नाही. घ्यायचा तो एकच प्रश्न: कागद कुठे आहे?

उत्तर कसं दिलं जायचं

आपल्या परंपरेने हा प्रश्न घेतला होता, हे आज आपण विसरलो आहोत. राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळातून कायस्थ प्रभूंवर शेरेबाजी केली तेव्हा प्रबोधनकार ठाकरे मंडळावर दगड घेऊन गेले नाहीत. १९१८ साली त्यांनी 'कोदंडाचा टणत्कार' हे पुस्तक लिहिलं आणि मंडळाला उलट सलामी दिली. भाषा आसुडासारखी होती, पण प्रत्येक फटक्यामागे आधार होता. तेव्हा ते स्वतःच्या जातीच्या मानासाठी लढत होते, हेही खरं. पण त्या लढाईसाठी केलेला अभ्यास त्यांना जातीच्या पुढे घेऊन गेला.

दुसरं नाव तर आमच्या खानदेशाचंच. धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील. १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढणारा आणि धुळे-नंदुरबारच्या आदिवासींमध्ये आयुष्य घालवणारा हा कार्यकर्ता. ब्राह्मणी शास्त्रांना उत्तर द्यायचं तर ती मुळातून वाचली पाहिजेत, म्हणून ते मोठ्या वयात संस्कृत आणि पाणिनी शिकले. त्यांच्या 'दास-शूद्र गुलामगिरी'शी कोणाचे मतभेद असतील, आमचेही काही आहेत. पण विरोधकाचं शस्त्र हातात घेऊन ते उलटं फिरवण्यासाठी किती कष्ट लागतात, हे त्यांच्याकडे पाहून कळतं. राजवाड्यांच्याच शहरात राहून त्यांनी हे केलं.

आणि बाबासाहेब? लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषण रद्द केल्यावर १९३६ साली त्यांनी ते स्वखर्चाने छापलं. गांधीजींनी 'हरिजन'मधून टीका केली. १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केलं? गांधीजींची टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्यापुढे आपलं उत्तर ठेवलं. विरोधक काय म्हणतो ते वाचकाला त्याच्याच शब्दांत कळू द्या, मग माझं ऐका. एवढा आत्मविश्वास आज आपल्यातल्या किती जणांकडे आहे? आपल्याला तर स्क्रीनशॉट घेऊन ब्लॉक करायची घाई.

घसरण दोन्हीकडे, पण सारखी नाही

राजवाड्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी त्या वारशाचं काय केलं, तेही पाहू. १९८७ साली शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला. त्यात राम आणि कृष्णाबद्दलचे प्रश्न होते. बावीस खंडांच्या परंपरेतून एखादा राजवाडे उठून उत्तराचं पुस्तक लिहील, असं वाटलं असेल कोणाला. झालं काय? १९८८च्या सुरुवातीला ग्रंथाच्या प्रती जाळल्या गेल्या, मजकूर वगळा म्हणून मोर्चे निघाले. त्याला उत्तर म्हणून लाखोंचा भीमसागर मुंबईत उतरला तेव्हा कुठे ग्रंथ वाचला. पुढच्या काळात तर प्रश्न विचारणाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. २०१३ साली डॉ. दाभोलकर, २०१५ साली कॉ. पानसरे. 'शिवाजी कोण होता?' ही छोटी पुस्तिका लिहिणाऱ्या पानसऱ्यांना पुस्तिकेने उत्तर देणारा कोणी निघाला नाही.

आज त्या बाजूला बाबासाहेबांची अर्धी वाक्यं वापरण्याची नवी पद्धत आली आहे. आर्यांच्या स्वारीचा सिद्धांत बाबासाहेबांनी नाकारला, हे आता उजवे आपल्याला सांगतात. ते खरं आहे, १९४६च्या शूद्रांवरच्या ग्रंथात त्यांनी तो नाकारला. पण त्याच ग्रंथाचा गाभा पुढे आहे. शूद्र हे मूळचे क्षत्रिय होते आणि ब्राह्मणांनी त्यांचं उपनयन बंद करून त्यांना खाली ढकललं, हा. तिथे पोचायच्या आत यांचं वाचन थांबतं. आणि आपली पोरं? 'आर्य विदेशी' ही घोषणा बाबासाहेबांच्या नावावर देतात. ती मांडणी फुल्यांची, बाबासाहेबांची नव्हे. दोघांमधला हा फरक सांगितला तर आपलं काही बिघडत नाही. लपवला तर मात्र समोरचा एका पानात आपल्याला खोटं पाडतो.

आपल्या बाजूलाही डाग आहेत. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर बहुजनांच्या नावाने हल्ला झाला. राग एका परदेशी लेखकाच्या पुस्तकावर होता, मोडतोड मात्र ग्रंथांची आणि हस्तलिखितांची झाली. पिढ्यानपिढ्या ज्यांना अक्षर नाकारलं गेलं, त्यांच्या नावाने अक्षरांवर हात उचलला गेला. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत आपलेही काही होते.

तरीही दोन्ही घसरणी सारख्या नाहीत. गोळी आणि आरडाओरडा एका तागडीत घालता येत नाहीत. आमचं म्हणणं वेगळं आहे. त्यांचा वाद घसरला तरी त्यांचं भागतं. त्यांच्याकडे सत्ता आहे, पैसा आहे, वाहिन्या आहेत. आपल्याकडे पुराव्याशिवाय काय आहे? वाद घसरला की नागवे होतो ते आपण.

पाड्यावर काय झालं

नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार दर दहापैकी जवळपास सात माणसं आदिवासी आहेत. त्यांना 'आदिवासी' न म्हणता 'वनवासी' म्हणणारे गावोगाव फिरतात. "आंबेडकरवाले तुमचे नव्हेत" हा त्यांचा प्रचार आहे. अशा जिल्ह्यात एका पावरा तरुणाने बाबासाहेबांबद्दल खरा प्रश्न विचारला आणि आम्ही त्याला भर सभेत खोटा ठरवला. त्या प्रचाराला आमच्याइतकी मदत दुसऱ्या कोणी केली असेल?

चार दिवसांनी आम्ही तिघे खंड घेऊन त्याच्या पाड्यावर गेलो. आधी माफी मागितली. "भाऊ, तू बरोबर होतास, आम्ही न वाचता ओरडलो," एवढं सरळ सांगितलं. मग ते पान काढून त्याच्यासमोर मराठी करून वाचलं, पूर्ण वाचलं. तो म्हणाला, "म्हणजे खरंच म्हणाले होते." आम्ही म्हणालो, "हो."

त्यानंतरच बाकीचं बोलता आलं. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेली जी समिती, तिच्या कामासाठी बाबासाहेब धुळ्याला आले होते. ती समिती अस्पृश्यांबरोबर आदिवासींच्याही स्थितीची चौकशी करणारी होती, हे सांगितलं. १९४५चं ते मत पुढे संविधानात टिकलं नाही. अनुसूचित जमातींना लोकसभेत आणि विधानसभेत राखीव जागा मिळाल्या, मतदानाचा समान हक्क मिळाला, पाचवी अनुसूची आली, हेही सांगितलं. आणि बाबासाहेबांच्या त्या मताला सर्वांत चांगलं उत्तर कोणी दिलं असेल तर ते आदिवासींनीच, हेही सांगितलं. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत जयपालसिंह मुंडा उभे राहिले आणि लोकशाही आदिवासींना शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका, असं बजावलं. याच जिल्ह्यात अंबरसिंग महाराजांनी आणि १९७०च्या दशकातल्या शहाद्याच्या लढ्याने आदिवासींची राजकीय जाण सगळ्या महाराष्ट्राला दाखवून दिली. १९४५चं ते विधान आदिवासींच्या बाबतीत चुकीचं होतं, असं आम्ही त्याच्यासमोर म्हणालो.

आमच्यातल्या एका पोराला हे आवडलं नाही. परत येताना तो म्हणाला, "दादा, बाबासाहेब चुकले असं म्हणणं म्हणजे..." त्याने वाक्य पूर्ण केलं नाही. आम्ही त्याला २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणाची आठवण करून दिली. राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे, हा इशारा बाबासाहेबांनी कोणाला दिला होता? फक्त दुसऱ्यांच्या भक्तांना? आपण त्यांचे भक्त झालो तर त्यांचे अनुयायी उरत नाही.

पाड्यावरचा तो तरुण आमच्या चळवळीत आला का? नाही आला. त्याची स्वतःची संघटना आहे, त्याचे स्वतःचे प्रश्न आहेत. पण त्याने आमच्याकडून तो खंड वाचायला मागून घेतला. आम्हाला तेवढं पुरेसं वाटलं.

म्हणून ठरवलं आहे

मित्रांनो, कळसाडीत आम्ही आता साधा नेम केला आहे. पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि पान सांगता येत नसेल तर वाक्य फलकावर जाणार नाही, भाषणात जाणार नाही आणि ग्रुपवर पुढेही जाणार नाही. मग ते राजवाड्यांच्या विरोधात असो की बाबासाहेबांच्या बाजूने. विरोधकाचं खंडन करणाऱ्याने आधी त्याचं मूळ पुस्तक वाचायचं. आणि समोरच्याने खरं सांगितलं तर मोठ्याने मान्य करायचं, ज्या माइकवरून नाकारलं त्याच माइकवरून. आमच्यावर ते अजून उधार आहे. पुढच्या जाहीर सभेत ते फेडणार आहोत.

फलक थांबवला म्हणून "कोणाच्या बाजूचे?" असं विचारणाऱ्या पोराला आम्ही राजवाड्यांचा पहिला खंड आणून दिला आहे. चिडून का होईना, वाचतो आहे. परवा भेटला तर म्हणाला, "दादा, खोटं वाक्य शोधत बसायची गरजच नव्हती. याच्याशी भांडायला खरंच पुष्कळ आहे यात."

आम्ही विचारलं, "कोणत्या पानावर?"

त्याने खिशातून कागद काढला. पानं लिहून ठेवली होती.

जय भीम!